सुमन वाघचौरे यांचा एका सुराचा बँड

सुमन निवृत्ती वाघचौरे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, डब्लिनमधल्या टॅलाच्या कम्युनिटी हॉलमध्ये, डाव्या बाजूच्या दारापाशी. करणारे आम्ही सगळे. छापणारी मी.

काकू, तुम्ही असतात तर मला इथेच थांबवलं असतंत. "अगं पत्रकबाई, पहिल्याच ओळीत अन्याय? माणूस कोण होतं ते तरी आधी सांग." दोन वर्षं आपण यावरच भांडलो. भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, त्याला आज अठरा दिवस झाले. अशा भांडणात शेवटचा शब्द जो उरतो त्याला आपोआप मिळतो. हे मला अजिबात न्याय्य वाटत नाही. पण मिळालाय, तर मी तो वापरणार आहे.

आपली ओळखच एका पत्रकावरून झाली. ट्रामच्या स्टॉपवर मी घरभाड्याबद्दलची पत्रकं वाटत होते, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. लोक पत्रक घेतात, चार पावलं जातात आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतात, त्याची मला सवय आहे. तुम्ही घेतलंत, बाजूला झालात, चष्मा बदललात आणि दोन ट्राम सोडून ते सबंध वाचलंत. मग माझ्या हातात परत आणून दिलंत.

"यात 'अन्याय' सात वेळा आलाय," तुम्ही म्हणालात. "घराला ओल आहे म्हणतेस, ती कुठल्या भिंतीला, ते एकदाही नाही."

"काकू, भिंत महत्त्वाची नाहीये. सिस्टिम महत्त्वाची आहे."

"राहणाऱ्याला भिंतच महत्त्वाची असते गं."

मी चिडले. तुम्ही माझं नाव विचारलंत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी सांगितलं. मग मी विचारलं, तुम्ही इथे काय करता? "भाच्याकडे राहते. त्याची आणि शेजारच्यांची मुलं शाळेतून आणते. आणि रशियन संगीताचा इतिहास लिहिते." लोणचं घालते म्हणावं, तसं. मला वाटलं थट्टा करताय. थट्टा नव्हती. नाशिकजवळच्या एका कारखान्यात तुम्ही उभा जन्म यंत्रांची रशियन माहितीपुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत आणत होतात. तिथल्या एका रशियन इंजिनिअरची बायको देश सोडताना रेकॉर्डींचा खोका तुमच्याकडे ठेवून गेली. तेवढं निमित्त तुम्हाला पुरलं.

शनिवारी दुपारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत तुम्ही बोलायचात. ऐकायला आठजण, त्यातले तिघे तुमच्या चिवड्यासाठी. "रशियन संगीत म्हटलं की तुम्हाला बॅले दिसतो," तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. "तो वरचा मजला झाला. मी पाया दाखवते." आणि फळ्यावर तुम्ही आकड्यांसारख्या वाकड्या खुणा काढल्यात. तिथल्या चर्चमध्ये वाद्य चालत नसे, फक्त गळा. शब्दांच्या डोक्यावर अशा खुणा लिहायच्या, की आवाज कुठे चढायचा, कुठे रेंगाळायचा ते गाणाऱ्याला कळावं. तुम्ही एकेका खुणेवर बोट ठेवून गुणगुणायचात. चिवडेवाले तिघेही खायचे थांबायचे.

मग ते भटके कलावंत. अस्वल घेऊन, मुखवटे घालून, पावा आणि तंतुवाद्यं वाजवत गावोगाव फिरणारे. झारला आणि चर्चला ते खपेनात. हुकूम निघाला, वाद्यं जप्त झाली, गाड्या भरभरून नदीपलीकडे नेऊन जाळली, असं एका परदेशी प्रवाशानं लिहून ठेवलंय. हे सांगून तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "त्या गाड्यांत काय काय होतं, ते आता कुणाला वाजवून दाखवता येणार नाही. माझ्या इतिहासात इथे एक कोरं पान आहे. ते मी मुद्दाम कोरं ठेवलंय."

आणि मग तो दिवस, ज्या दिवसापासून आपलं खरं भांडण सुरू झालं. राजदरबारी इटलीहून उस्ताद आले, तर जमीनदारांनाही घरचा वाद्यवृंद हवासा झाला. वाजवणार कोण? जमीनदाराचेच भूदास. जमिनीला बांधलेली, मालकाची मालमत्ता असलेली माणसं. सकाळी स्वयंपाकघरात, संध्याकाळी चेलोवर. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत अशी माणसं विकायला असायची, वाजवता येतं हा गुण म्हणून नोंदवलेला. आणि त्यातही अजब तो शिंगांचा बँड. प्रत्येकाच्या हातात एक शिंग, प्रत्येक शिंगातून एकच सूर. वीतभर लांबीच्या शिंगापासून माणसाच्या दुप्पट लांबीच्या शिंगापर्यंत. धून चालू असताना आपल्या सुराची पाळी येईपर्यंत मोजत उभं राहायचं, पाळी आली की फुंकायचं, पुन्हा मोजायचं. आयुष्यभर. एका माणसाला एक सूर. लोक त्यांना ओळखायचेही सुरावरूनच, अमक्या मालकाचा षड्ज, तमक्या मालकाचा पंचम.

मी तिथल्या तिथे उभी राहिले. "काकू, हे पत्रकात यायला हवं!"

आणि आणलंच पुढच्या शनिवारी. मथळा ठळक टायपात होता, 'प्रत्येक सुरामागे एक गुलाम.' तुम्ही पेन काढलंत.

"गुलाम नाही, भूदास. शब्द नीट वापर. आणि ते कसे वाजवायचे, ते कुठाय?"

"त्याचा काय संबंध?"

"ते उत्तम वाजवायचे. हे आधी लिही."

"काकू, त्यांना विकत होते!"

"हो. आणि ते उत्तम वाजवायचे. विकणाऱ्यानं त्यांचं सगळं घेतलं, आता उरलेलं तू घे. कला पण काढून घे त्यांच्याकडून, म्हणजे नुसते बिचारे उरतील. मग घाल त्यांना मथळ्यात."

"कौतुक केलं की अन्याय गोड लागतो. मालकसुद्धा हेच म्हणत असणार ना, उत्तम वाजवतात!"

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. "हे मात्र बरोबर बोललीस," म्हणालात, आणि कप विसळायला गेलात. मी जिंकले असं मला वाटलं. सात दिवस वाटत राहिलं.

आठव्या दिवशी, पुन्हा कप विसळताना, तुम्ही वडिलांचं सांगितलंत. ते सिन्नरला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लोक त्यांना नावानं हाक मारत नसत. "ए क्लॅरिनेट, पुढे हो! ए क्लॅरिनेट, नवरदेव आला, उचल!" बँडवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी, मागच्या अंगणात. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही ओला हात वर करून मला थांबवलंत.

"पंगतीचं मला आता काही वाटत नाही. त्यांच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला तो माझ्या शाळेच्या फॉर्मवर. वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, शेती." नळ चालूच होता. "वरात चौकात थांबवून लोक त्यांना ऐकायचे. आणि मी लिहिलं शेती. म्हणून सांगते, कसे वाजवायचे ते आधी लिही."

काकू, मला अजून वाटतं की चाबूक पहिल्या पानावर असावा. पण त्या दिवशी मी पत्रक फाडलं, आणि पत्रक फाडण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मग तुमच्या डोक्यात बँड आला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात शिंगांचा बँड वाजवायचा. शिंगं कुठून आणणार? "पाइप," तुम्ही म्हणालात. सांडपाण्याचे असतात ते. लांबी बरोबर कापली आणि ओठ फडफडवून फुंकलं की पाइपसुद्धा सूर देतो. सा ते वरचा सा, कोमल-तीव्र सगळे धरून तेरा सूर, तेरा माणसं. तुम्ही एकट्या हार्डवेअरच्या दुकानात गेलात. परत आल्यावर आम्हाला अभिनय करून दाखवलंत.

"दुकानातल्या त्या डेक्लनला म्हटलं, तेरा तुकडे हवेत, मिलिमीटरमध्ये लिहून आणलेत. तो म्हणाला, बाथरूम करताय का? म्हटलं, नाही, रशियन संगीत. तो कागदाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि म्हणतो, ग्रँड. इथलं ते 'चालेल'."

त्यानं ते तुकडे इतके काटेकोर कापून दिले की तीनच घासावे लागले.

बुधवारी संध्याकाळी तालीम. अख्ख्या टॅलात एवढी मजा कुठे चालू नसेल.

"कोमल ग कुठाय?"

"पार्किंग शोधतोय!"

"पंचम, फोन खिशात. तीव्र म, तू काल म्हणालास सोपं आहे, मग घाम कशाला आलाय?"

"काकू, माझ्या बॉसपेक्षा तुम्ही कडक आहात."

"तुझा बॉस तुला चार सूर देत असेल. मी एकच दिलाय, तो तरी वेळेवर दे."

दहा वर्षांची नी पाइप खाली ठेवून अस्सल डब्लिनी इंग्रजीत म्हणायची, इट्स लिटरली वन नोट, काकू. आणि तुम्ही मराठीत म्हणायचात, तोच तर चुकतोय तुझा.

मी मात्र धुसफुसत होते. एका तालमीत न राहवून म्हणालेच. "तुम्ही पण तेच करताय. माणसांना सुरानं हाक मारताय." तुम्ही कोमल गचा पाइप उचललात आणि उलटा करून माझ्यापुढे धरलात. आतल्या बाजूला, काळ्या मार्करनं, सुबक अक्षरात लिहिलं होतं, अनिरुद्ध सुरेश भोसले. मग दुसरा. मग तिसरा. तेराही पाइपांवर पूर्ण नावं होती. माझ्यावर माझंही होतं, स्टॉपवर एकदाच सांगितलेलं.

"घाईत सुरानं बोलावते," तुम्ही म्हणालात. "पण कुणाचा सूर कुणाचा, ते लिहून ठेवलंय. तिथे कुणी ठेवलं नाही, म्हणून."

माझा सूर शुद्ध म. चार मिनिटांत अकरा वेळा फुंकायचं, उरलेला वेळ गप्प उभं राहायचं. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही. धून माझ्या अंगावरून जात असे आणि माझ्या वाट्याला तिचा एक तुकडा. पहिले दोन आठवडे मला त्यात फक्त जुलूम दिसला. तिसऱ्या आठवड्यात मी अर्ध्या मात्रेनं उशीर केला आणि सबंध धून पायरी चुकल्यासारखी धडपडली. बाराजणांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा कळलं की ती भूदास माणसं साधी असून चाललंच नसतं. एकजण जरी कच्चा असता तरी तो बँड उभा राहिला नसता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणाला असतात, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. आता ऐकायला मिळालं तर काय हवं होतं.

आता छपाईचं. मेळाव्याचा कार्यक्रम-कागद करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मंडळाचे सेक्रेटरी शिरीषदादा फोनवर होते.

"बँडखाली काय टाकू, दादा?"

"सादरकर्ते, मंडळाचे कलाकार. आणि काकूंचं... त्यांचं नाव काय गं?"

"काकूच म्हणतो ना सगळे."

"बरं मग असं टाक. विशेष आभार, सर्वांच्या लाडक्या आजी. छान वाटतं."

मी टाकलं. प्रूफ वाचताना मला ते गोड वाटलं. माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर 'काकू टॅला' म्हणून होता. तुमच्या भाच्याचा, आनंदचा, नंबरही होता. एक फोन करायचा होता. जगातल्या निनावी माणसांबद्दल शनिवार-रविवार ओरडणाऱ्या मला दोन वर्षांत एकदाही तुमचं नाव विचारावंसं वाटलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला नाव विचारत नाहीत, नातं देतात. दिलं की झालं, पुढे काही विचारावं लागत नाही. पासष्टीच्या पुढची मराठी बाई, अंगात स्वेटर, पायात स्पोर्ट शूज, म्हणजे काकू. आणि कागदावर आणखी माया दाखवायची म्हणून आजी. तुम्ही लग्न केलं नव्हतंत. आनंदची मुलं सोडली तर तुम्ही कुणाच्याही आजी नव्हतात.

त्या रविवारी दारात कागद वाटायला मीच उभी होते. चार वाजून दहा मिनिटांनी एक उंच आयरिश गृहस्थ बायकोला घेऊन आला, नवं जाकीट घालून. डेक्लनला मी तोवर पाहिलेलं नव्हतं. त्यानं कागद पुढून वाचला, मराठी लागेना म्हणून उलटून इंग्रजी बाजू वाचली, पुन्हा पुढची बाजू बघितली. मग मला विचारलं, यात सुमन कुठे आहे?

मी विचारलं, कोण सुमन?

तो माझ्याकडे बघतच राहिला. अंगठ्यानं हॉलकडे दाखवून म्हणाला, सुमन, युअर वुमन विथ द पाइप्स. पाइपवाली आपली ती. ऑर्डर लिहून घेताना त्यानं पहिल्याच दिवशी नाव विचारलं होतं. त्याच्या दुकानात तसंच असतं.

तुम्ही तीन पावलांवर होतात, पाइप वाटत. तुम्ही ऐकलंत. मला माहीत आहे ऐकलंत, कारण हातातला पाइप द्यायला तुम्ही एक क्षण विसरलात. मग म्हणालात, "अगं, कोमल गला पार्किंग मिळालं का बघ."

बँड वाजला. जुनी रशियन लोकधून, तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर, तेरा तोंडांतून एकाच माणसानं गावी तशी. डेक्लन उभा राहून टाळ्या वाजवत होता. शिरीषदादांनी माइक घेतला, "आपल्या लाडक्या आजींसाठी एकदा जोरदार!" आणि सगळा हॉल अगदी मनापासून ओरडला, आजीऽऽ! इतक्या प्रेमानं इतकं पुसून टाकलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

परतताना ट्राममध्ये मी भाषण सुरू केलं. जाहीर माफी, नवं पत्रक, मंडळाला जाब. तुम्ही खिडकीशी बसला होतात, पायाशी पाइपांची पिशवी.

"आधी वाजला कसा ते सांग."

"काकू, तुमचं नाव..."

"वाजला कसा?"

"चांगला वाजला."

"तिसऱ्या ओळीत तू घाईनं फुंकलंस."

"हो."

"तेवढं सोडलं तर चांगला वाजला." मग बाहेर बघत, "माझे वडील क्लॅरिनेट होते. मी आजी झाले. बढतीच म्हणायची की नाही?"

तुम्ही हसलात म्हणून मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. तुम्ही मला सुटका दिलीत आणि मी ती घेतली. त्यानंतर तुम्ही आणखी तीन महिने होतात, आणि त्या तीन महिन्यांत मी तुम्हाला एकदाही सुमनताई म्हणाले नाही. तोंडात यायचं आणि परत जायचं. या लेखातसुद्धा मी काकूच म्हणतेय. जिभेला वळण लागलंय ते लागलंय. पण छापताना मी जिभेचं चालू देणार नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, 'टॅलाच्या काकू गेल्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली, काकू. मिस यू, आजी. मी लिहिलं, त्यांचं नाव सुमन निवृत्ती वाघचौरे. त्यावर एक अंगठा आला. शिरीषदादांचा वेगळा मेसेज आला, 'आत्ता हे नको गं. दुःखाची वेळ आहे.' दादा, मग कधी? जिवंतपणी घाई होती, आता दुःख आहे.

आनंदनं तुमची वही मला दिली. किचनमधल्या प्रेसमध्ये होती, डाळींच्या डब्यांमागे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे तुम्हाला फार आवडायचं, माझा ग्रंथ प्रेसमध्ये आहे म्हणून सांगायचात. तीनशे पानं. 'रशियन संगीत, सुरुवातीचा काळ.' मराठीत, तुमच्या त्या सुबक अक्षरात. मधलं एक पान कोरं.

मंडळ गुढीपाडव्याची स्मरणिका म्हणून ती छापायचं म्हणतंय. मला आनंद झाला होता. मग शिरीषदादांनी बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, हे इथे लिहायलाच हवं. तुमच्या अंत्यविधीला क्रिमॅटोरियममध्ये खुर्च्या त्यांनीच लावल्या, चहा त्यांनीच आणला. पण ऐका काय म्हणाले ते.

"नाव सुचलंय. 'आजीच्या रशियन गोष्टी.' आणि ते भूदासांचं प्रकरण गाळू. सणाचा अंक आहे. विकणं, जाळणं... मुलं वाचणार."

"मुलांना मराठी वाचता येत नाही, दादा."

"तेच. मग कशाला?"

"लेखिकेचं नाव?"

"आत टाकू ना, आभारात. अगं, आजी म्हटलं की आपुलकी वाटते. सुमन वाघचौरे म्हटलं की लोक विचारणार, कोण?"

"विचारू देत! विचारल्यावर सांगू!"

"तू प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करतेस."

हो, करते. कारण ते प्रकरण मी वाचलंय. मी तुमच्या जागी असते तर ते चाबकानं सुरू केलं असतं. तुम्ही ते हिवाळ्यानं सुरू केलंय. थंडीत पितळ गार पडलं की सूर उतरतो, आणि तिथल्या थंडीत तो जागेवर ठेवणं म्हणजे काय कसब, यावर तुम्ही चार पानं लिहिलीत. तुमचं वाक्य आहे, 'प्रत्येकाकडे एकच सूर होता, आणि तो त्याच्याइतका नेमका दुसऱ्या कुणाला लागत नसे.' विक्रीची जाहिरात पाचव्या पानावर येते. येते तेव्हा वाचणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण तोवर ती माणसं ओळखीची झालेली असतात. काकू, यात तुमचं बरोबर की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यातला एक शब्द मी इकडचा तिकडे होऊ देणार नाही. गाळणं तर सोडाच.

आणि शेवटचं प्रकरण. आपल्या याच डब्लिनचा एक पियानोवाला, पियानो विकणाऱ्या गुरूबरोबर तरुणपणी तिकडे गेला. गिऱ्हाइकांना आवाज कळावा म्हणून दुकानात बसून वाजवायचा. तिथेच राहिला, तिथल्याच मातीत पुरला गेला. पुढे ज्याला रशियन संगीताचा जनक म्हणू लागले, त्यानं तरुणपणी याच्याकडे थोडे धडे घेतले. पण त्याआधी, लहानपणी, त्या जनकानं पहिल्यांदा वाद्यवृंद ऐकला तो आपल्या काकाच्या भूदासांचा. तुम्ही लिहिलंय, 'पियानोवाल्याचं नाव मला सापडलं. जनकाचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. काकाच्या घरी वाजवणाऱ्यांची नावं मी शोधली, मला सापडली नाहीत. मग जनक कोण?' ते प्रश्नचिन्ह तुम्ही दोनदा गिरवलंय. हेच गाळायचं म्हणतात. हेच.

तुमचे आभार मानायचे राहिले. भिंतीबद्दल मानायचे होते. मी आता पत्रकात भिंत लिहिते. पूर्वेची, न्हाणीघराच्या बाजूची, खालून दोन वीत काळी पडलेली. लोक पत्रक वाचायला लागलेत. तुम्ही बघितलं नाहीत.

आता जरा थांबा, काकू. मला या वाचणाऱ्यांशी बोलायचंय.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता, टॅलाच्या त्याच हॉलमध्ये, मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. स्मरणिकेचा विषय दुसऱ्या क्रमांकावर आहे. माझा ठराव एका वाक्याचा आहे. वही जशी आहे तशी, एकही प्रकरण न गाळता, कोऱ्या पानासकट छापावी आणि मुखपृष्ठावर लेखिका म्हणून सुमन निवृत्ती वाघचौरे हे नाव असावं. दूरच्या नावन गावाहून येणाऱ्यांनी लवकर निघा, ब्युमॉन्टवाल्यांनी एकमेकांना गाडीत घ्या. घरून अंगठा पाठवू नका, त्याचं मत धरत नाहीत. तुम्ही त्यांचा चिवडा खाल्लाय, तुमची मुलं त्यांनी शाळेतून आणलीत, त्यांनी तुमचं पूर्ण नाव पाठ केलं होतं. या. ठराव मांडला की हात वर करा. शिरीषदादा तुमच्याकडे बघून हसतील, "अरे, तूसुद्धा?" म्हणतील. त्यांच्या डोळ्यांत बघा, आणि हात खाली घेऊ नका.